झाडाची नाडी पाहणारा माणूस

काही समजुती शाळेच्या क्रमिक पुस्तकातून एकदा डोक्यात शिरल्या की जन्मभर मुक्काम ठोकतात. वनस्पतींना जीव असतो हा शोध जगदीशचंद्र बोस यांनी लावला, ही त्यांपैकी एक. परीक्षेत या उत्तराला एक गुण हमखास मिळत असे. खरे पाहता झाडांना जीव असतो हे कळण्यासाठी जगाला विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले नव्हते. दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावू नये, झाडे झोपलेली असतात, असे सांगणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना ते ठाऊक होते. बी रुजते, रोप वाढते, पाण्यावाचून कोमेजते आणि अखेर मरते, हे शेतकऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवलेले नाही.

मग जगदीशचंद्रांनी केले काय? त्यांनी केले ते याहून फार अवघड होते. झाडाला चिमटा बसला, चटका लागला किंवा विष मिळाले तर त्या क्षणी त्याच्या आत काय घडते, ते त्यांनी झाडाकडूनच लिहून घेतले. पान पिवळे पडण्याची, फांदी वाळण्याची वाट न पाहता दुखणे सुरू होताच ते टिपायचे. वैद्य नाडी पाहतो तसे. हे काम त्यांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी, कलकत्त्यात, स्वतःच्या खिशातले पैसे घालून आणि देशी कारागिरांच्या हातून घडवलेल्या यंत्रांवर केले. त्याची आज पुन्हा आठवण काढण्याचे कारण केवळ पुण्यस्मरणाचे नाही. डोळ्यांना न दिसणारे, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न सापडणारे धातूंचे अतिसूक्ष्म कण आपल्या सांडपाण्यातून नदीत आणि नदीतून शेतात जाऊ लागले आहेत. त्यांचे पिकांवर काय होते, हा प्रश्न आता जगभरच्या प्रयोगशाळांपुढे आहे. आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांची वाट कळत-नकळत जगदीशचंद्रांच्या वाटेला येऊन मिळते.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. घराणे मूळचे ढाक्याजवळच्या विक्रमपूर परगण्यातल्या राडीखाल गावचे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि ब्राह्म समाजाचे अनुयायी होते. त्या काळी सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा इंग्रजी शाळेत जाणार हे ठरलेलेच असे. भगवानचंद्रांनी मात्र फरीदपूरला असताना मुलाला बंगाली पाठशाळेत घातले. परक्या भाषेआधी आपली भाषा आणि आपली माणसे मुलाला कळली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराश्याचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा. या सोबत्यांकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातल्या जीवांच्या गोष्टींनीच आपल्या मनात निसर्गाची ओढ निर्माण केली, असे जगदीशचंद्र पुढे आवर्जून सांगत. शाळा सुटल्यावर ही मुले घरी आली तर त्यांची आई सर्वांना सारखेच जेवू घाली. ती जुन्या वळणाची, सोवळे मानणारी बाई होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

भगवानचंद्र हा माणूसही विलक्षण होता. त्यांनी शिक्षा ठोठावलेला एक दरोडेखोर सुटून आला आणि आता मला काम कोण देणार म्हणून त्यांच्याच दाराशी उभा राहिला. त्यांनी त्याला घरी कामाला ठेवले आणि छोट्या जगदीशला शाळेत पोचवण्याचे काम त्याच्याकडे दिले. लोकांना रोजगार मिळावा म्हणून भगवानचंद्रांनी हरतऱ्हेचे उद्योग काढले. त्यांतले बरेचसे बुडाले आणि डोक्यावर कर्ज झाले. त्या कर्जाची सावली मुलाच्या तरुणपणावर पडली.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ या बेल्जियन जेझुइट शिक्षकाने जगदीशचंद्रांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. फादर लाफाँ वर्गात प्रयोग करून दाखवत, आणि ते असे की मुले भान हरपून पाहत राहत. प्रयोग लोकांसमोर उभा करण्याची जी कला जगदीशचंद्रांनी पुढे युरोपात दाखवली तिचे मूळ इथे आहे. १८७९ मध्ये ते बी. ए. झाले. विलायतेला जाऊन आय. सी. एस. व्हावे असे त्यांच्या मनात होते. पण स्वतः सरकारी अधिकारी असलेल्या वडिलांनीच ते नाकारले. मुलाने माणसांवर सत्ता गाजवण्यापेक्षा विद्या मिळवावी, असे त्यांचे मत होते. मग वैद्यकी शिकायचे ठरले. एक मुलगा आधीच गमावलेली आई समुद्रापार पाठवायला प्रथम राजी नव्हती. नंतर तिनेच खर्चासाठी आपले दागिने विकायची तयारी दाखवली.

लंडनमध्ये वैद्यकीचा अभ्यास मात्र तडीस गेला नाही. जाण्याआधी आसामात जडलेला ताप पाठ सोडीना आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तो वाढे. शेवटी वैद्यकी सोडून ते केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञान शिकू लागले. हा ताप आपल्याला फळला, असेच म्हटले पाहिजे. केंब्रिजला त्यांना भौतिकशास्त्रात लॉर्ड रॅले भेटले आणि वनस्पतिशास्त्रात सिडनी व्हाइन्स व चार्ल्स डार्विनचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन. दोन शास्त्रांची बीजे एकाच डोक्यात पडली ती तिथे. १८८४ मध्ये केंब्रिज आणि लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते परतले.

१८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांची भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून हंगामी नेमणूक झाली. ती सुद्धा व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या शब्दामुळे; कारण हिंदी माणूस विज्ञान शिकवू शकतो यावर शिक्षण खात्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा विश्वासच नव्हता. हिंदी प्राध्यापकाला गोऱ्याच्या दोन-तृतीयांश पगार मिळे, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याचाही निम्मा. म्हणजे त्याच कामाला एक-तृतीयांश दाम. यावर जगदीशचंद्रांनी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत की राजीनामा दिला नाही. त्यांनी पगारच घेतला नाही. एक-दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षे. शिकवण्यात मात्र एका तासाचीही कसूर केली नाही. याच काळात, १८८७ मध्ये, त्यांचे अबला दास यांच्याशी लग्न झाले. अबलाबाई मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेत होत्या. घरात पैशाची ओढ, वडिलांच्या डोक्यावर कर्ज. पण नवराबायकोने ते दिवस निभावून नेले. अखेर सरकार नमले. नेमणूक कायम झाली, पूर्ण पगार मान्य झाला आणि तो मागील तीन वर्षांसह एकरकमी हाती पडला. त्या पैशातून वडिलांचे देणे फेडण्यात आले.

संशोधनाला सुरुवात झाली ती १८९४ मध्ये, वयाची पस्तिशी उलटल्यावर. कॉलेजात प्रयोगशाळा म्हणण्याजोगी जागा नव्हती. न्हाणीघराला लागून असलेली जेमतेम चोवीस चौरस फुटांची खोली हीच त्यांची प्रयोगशाळा. हर्ट्‌झने शोधलेल्या विद्युत्-चुंबकीय लहरींवर युरोपात तेव्हा काम चालू होते. जगदीशचंद्रांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्यांची उपकरणे पाहिली की या माणसाच्या डोक्याची तऱ्हा कळते. लहरींचे ध्रुवीकरण करण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातला. कधी तागाचे पीळ दिलेले धागे वापरले. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी या लहरी बंद भिंतींतून पार पाठवून पलीकडे घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

पेटंट घेऊन पैसा करावा अशी त्यांची वृत्ती नव्हती. पाश्चात्त्य मित्रांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये गॅलिना या खनिजाच्या स्फटिकावर आधारलेल्या ग्राहकाचे एक अमेरिकन पेटंट त्यांच्या नावावर झाले, पण त्याचा त्यांनी काही उपयोग केला नाही. बिनतारी संदेशाचे श्रेय मार्कोनीला मिळाले, बोसांना डावलले गेले, अशी हळहळ आपल्याकडे अजूनही ऐकू येते. तीत तथ्य नाही असे नाही. पण जगदीशचंद्र स्वतः त्या वाटेवरून दूर गेले होते, कारण त्यांना दुसरेच काही दिसले होते.

काय दिसले? लहरी टिपणारे त्यांचे धातूचे ग्राहक सतत वापरले की मंद होत. थोडी विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत. हे थकणे तर स्नायूच्या थकण्यासारखे आहे, असे त्यांच्या मनात आले. दुसऱ्या कोणी हा यंत्रातला दोष मानून दुरुस्त केला असता. जगदीशचंद्रांनी त्याचाच पाठपुरावा केला. कथलाच्या तारेला पीळ देऊन तिच्यात उठणारा विजेचा क्षीण प्रवाह त्यांनी मोजला. गुंगीच्या औषधाने, विषाने तो कसा बदलतो ते पाहिले. मग त्यांच्या मनात प्रश्न आला, की धातू आणि प्राणी या दोन टोकांच्या मध्ये वनस्पती आहेत, त्यांचे काय? लाजाळूची पाने स्पर्श होताच मिटतात हे सर्वांना माहीत होते. पण जी झाडे हलत नाहीत ती काहीच अनुभवत नाहीत असे कशावरून? त्यांनी झाडांची पाने घेतली, भाजीवाल्याकडची गाजरे आणि सलगम घेतले, त्यांना टिचक्या मारल्या, आणि प्रत्येक टिचकीला विजेचे उत्तर आले. रोप मेले की उत्तर बंद.

१० मे १९०१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे प्रयोग मांडले. त्यात एक मुद्दा असा होता की तो पुढच्या शंभर वर्षांना पुरला. तेच द्रव्य अगदी थोड्या मात्रेत दिले तर प्रतिसाद वाढतो आणि जास्त मात्रेत दिले तर मावळतो. विष आणि औषध यांत द्रव्याचा फरक नसून मात्रेचा असतो, हे आपल्या वैद्यांना नवे नव्हते. जगदीशचंद्रांनी ते आलेखावर काढून दाखवले.

पुढच्याच महिन्यात रॉयल सोसायटीत मात्र ठिणगी पडली. शरीरक्रियाशास्त्रातले त्या काळचे मोठे नाव सर जॉन बर्डन-सँडरसन यांनी स्पष्ट सांगितले, की सामान्य झाडाला प्राण्यासारखा विद्युत् प्रतिसाद असणे शक्य नाही. निबंधाचे नाव बदलावे आणि बोस यांनी आपल्या भौतिकशास्त्राकडे परत जावे, असा सल्लाही दिला. जगदीशचंद्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, की माझ्या प्रयोगात चूक दाखवा; ती नसेल तर एक शब्दही बदलणार नाही. निबंध छापला गेला नाही, सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला. परक्या देशात, रजा संपत आलेली, विद्वानांचे दरवाजे बंद झालेले, असे ते दिवस होते. रवींद्रनाथ टागोरांनी त्या काळात या मित्रासाठी जे केले ते विसरण्यासारखे नाही. त्यांनी त्रिपुराच्या महाराजांकडून पैशाची सोय करवली. भगिनी निवेदितांनी हस्तलिखिते तपासली, भाषा नीट केली, धीर दिला. केंब्रिजचे जुने शिक्षक व्हाइन्स मदतीला आले आणि १९०२ मध्ये लिनियन सोसायटीपुढे हे काम मांडले गेले. त्याच वर्षी त्यांचा ग्रंथही निघाला.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे म्हणजे यंत्रांची मालिका आहे. झाडाने स्वतःची सही स्वतः करावी, मध्ये माणसाचा हात नको, हा त्यांचा ध्यास होता. काजळी धरलेल्या काचेवर बारीक तरफेने रेघ उमटे. घासण्याने ती अडू नये म्हणून तरफेचे टोक कंप पावत ठेवण्याची युक्ती त्यांनी काढली आणि त्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजता येऊ लागला. लाजाळूच्या देठातून संदेश किती वेगाने जातो, थंडीत तो कसा मंदावतो, विषाने कसा अडतो, हे त्यांनी मोजले. रोपाच्या मृत्यूचा क्षण नोंदवणारे यंत्र केले; पाणी तापवत नेले की साठ अंश सेल्सिअसच्या आसपास रोप एक शेवटचा झटका देते. थकलेल्या किंवा विष दिलेल्या रोपाला तो झटका पुष्कळ आधीच येतो, हेही त्यांनी दाखवले. क्रेस्कोग्राफ या यंत्राने झाडाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवली. पुढच्या चुंबकीय यंत्राने कोटी पटींनी. एखादे खत किंवा द्रव्य पिकाला मानवते की नाही हे पाहायला हंगाम घालवायला नको, पाव तासात कळेल, असा त्यांचा दावा होता.

फरीदपूरच्या खजुराची गोष्ट त्यांच्या वृत्तीवर चांगला प्रकाश टाकते. तिथे एक झाड रोज संध्याकाळी, देवळात घंटा वाजू लागल्या की, जमिनीपर्यंत माथा टेकवी आणि सकाळी पुन्हा उभे राही. लोक नवस बोलू लागले, रोग बरे झाल्याच्या कथा पसरल्या. जगदीशचंद्रांनी झाडाला आपले यंत्र जोडले. दिवसाच्या तापमानाबरोबर झाडाची ही उठबस चालते, असे आलेखाने सांगितले. चमत्कार गेला, पण निर्जीव वाटणारे जाड खोडही उष्णतेला उत्तर देते हे कळले, आणि त्यांच्या दृष्टीने हाच मोठा चमत्कार होता.

१९१५ मध्ये ते निवृत्त झाले. १९१७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उघडली. या वास्तूला ते विज्ञानमंदिर म्हणत. आयुष्यभराची पुंजी त्यांनी तीत घातली, लोकांनीही वर्गण्या दिल्या. मुंबईचे एस. आर. बोमनजी आणि मूळराज खटाव यांच्यासारखे व्यापारीही त्या देणगीदारांत होते, याची आपण नोंद ठेवायला हवी. इथे लागलेल्या शोधांवर कोणीही पेटंट घेणार नाही, ते सर्वांना खुले असतील, हा तिथला नियम होता. संस्थेचे चिन्ह होते वज्र. दधीचीच्या अस्थींतून घडलेले. ही कल्पना निवेदितांच्या ध्यासातली. पण त्या हे पाहायला उरल्या नव्हत्या. १९११ मध्ये दार्जिलिंगला त्यांचे निधन झाले तेव्हा बोस पती-पत्नी जवळ होते.

विलायतेतला विरोध मात्र संपला नव्हता. क्रेस्कोग्राफ खरोखरच वाढ मोजतो का, अशी शंका ऑगस्टस वॉलर यांनी जाहीरपणे घेतली. एप्रिल १९२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नामांकित शास्त्रज्ञांसमोर यंत्राची परीक्षा झाली आणि त्यांनी सहीनिशी निर्वाळा दिला. त्याच वर्षी मुंबईचे आर्देशीर कर्सेटजी वाडिया (१८४१) आणि रामानुजन (१९१८) यांच्यानंतर जगदीशचंद्र रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ज्या दारातून एकोणीस वर्षांपूर्वी निबंध परत फिरला होता त्याच दारातून ते आत गेले.

पण थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या सगळ्याच गोष्टींवर मान डोलावण्याची आपली सवय बरी नव्हे. जगदीशचंद्रांचे सर्वच सिद्धान्त टिकले नाहीत. खोडाच्या आतील पेशी स्पंदन पावतात आणि हृदयासारखा रस वर ढकलतात, हे १९२३ मध्ये त्यांनी ग्रंथरूपाने मांडलेले मत वनस्पतिशास्त्राने स्वीकारले नाही. पानांतून पाणी बाष्प होऊन जाते आणि खालचा स्तंभ त्याच्यामागे ओढला जातो, हा डिक्सन व जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेला विचारच आज मान्य आहे. झाडाला मज्जातंतू आहेत, असे ते बोलत. पण प्राण्यात असतो तसा तंतू झाडात सापडलेला नाही. झाडाला वेदना होते किंवा झाड दुःख करते असे त्यांच्या प्रयोगांतून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की झाड जाणते आणि उत्तर देते.

त्यांच्या पश्चात अपप्रचाराने मात्र जास्त नुकसान केले. १९७३ मध्ये ‘द सीक्रेट लाइफ ऑफ प्लांट्स’ हे पुस्तक निघाले. झाडे मनातले ओळखतात अशा त्यातल्या कथांनी बोसांचे नाव घराघरांत नेले आणि प्रयोगशाळांतून घालवले. गंभीर संशोधक या विषयाला हात लावायला कचरू लागले. चित्र पालटले ते हळूहळू. १९९२ मध्ये टोमॅटोच्या रोपाला एका ठिकाणी झालेली जखम विजेच्या संकेताने दुसऱ्या पानाला कळते, असे ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये अळीने पान कुरतडताच कॅल्शियमची लहर झाडभर पसरताना प्रत्यक्ष चित्रित झाली. २०२२ मध्ये जपानमधील संशोधकांनी लाजाळूतही हेच दाखवले, आणि पान मिटण्यामुळे किड्यांपासून बचाव होतो हेही. बर्डन-सँडरसन यांना अशक्य वाटलेली गोष्ट आज पाठ्यपुस्तकात आहे.

आता त्या सूक्ष्म कणांकडे वळू. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर एक नॅनोमीटर होतो. एक ते शंभर नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. जंतुनाशक म्हणून कापडात घातलेली चांदी, उन्हापासून वाचवणाऱ्या मलमातले झिंक ऑक्साइड, रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड, ही त्यांची घरगुती रूपे. कपडे धुतले, अंघोळ केली, की ते गटारात जातात. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात त्यांतले बरेच गाळात बसतात. आणि हा गाळ अनेक ठिकाणी खत म्हणून शेतात पसरला जातो.

धातू तोच, पण कण इतका बारीक झाला की त्याचा स्वभाव बदलतो. थोड्या वजनात पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि रासायनिक चळवळही. मुळाच्या कोवळ्या टोकातून, नव्या फुटव्याजवळच्या फटीतून, पानाच्या पर्णरंध्रांतून यांतले काही कण आत शिरतात. काही बाहेरच विरघळतात आणि धातूचे आयन सोडतात. आत गेल्यावर पेशीत ऑक्सिजनची उग्र रूपे तयार होतात. झाड ती आवरायला आपली विकरे कामाला लावते. ती पुरली तर झाड सावरते, न पुरली तर मुळांची वाढ खुंटते. २००७ मध्ये मुळा, काकडी, मका, लेट्यूस अशा सहा वनस्पतींवर पाच प्रकारचे नॅनोकण तपासले गेले. जस्ताच्या कणांनी मुळे आखूड केली. पण सर्व कणांनी सर्व झाडांचे वाटोळे केले असे मुळीच नव्हते. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात सोयाबीन अशा कणांच्या मातीत वाढवले गेले. सिरियम ऑक्साइडने वाढ आणि उत्पन्न घटले. मात्रा जास्त असताना मुळांवरच्या गाठींतले नत्र बांधण्याचे काम जवळजवळ थांबले. जस्त तर पानांत आणि दाण्यांतही पोचले. मराठवाडा-विदर्भात ज्यांचे घर सोयाबीनवर चालते त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

उलट बाजूही आहे. गाळातल्या गंधकाशी संयोग झाला की चांदीचे कण पुष्कळसे निरुपद्रवी होतात. कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचे कवच बसले की अनेक कणांची धार बोथट होते. तेच झिंक ऑक्साइड थोड्या मात्रेत पिकाला पोषक ठरते आणि जास्त मात्रेत घातक. म्हणजे पुन्हा १९०१ चाच मुद्दा, मात्रेचा. म्हणूनच या कणांना सरसकट राक्षस ठरवणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना वरदान ठरवून मोकळे होणेही. २०२१ मध्ये आपल्याकडे नॅनो युरिया बाजारात आला. त्याच्या गुणांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. असा वाद भाषणांनी किंवा जाहिरातींनी मिटत नसतो. तो झाडाला विचारावा लागतो.

आणि झाडाला विचारायचे कसे, हे तर या माणसाने शिकवून ठेवले आहे. पीक वाळल्यावर पंचनामा करणे सोपे असते. पण त्या वेळी विष मातीत मुरलेले असते आणि मातीतून नॅनोकण वेचून काढण्याची चाळण अजून कोणाकडे नाही. दुखणे पानावर दिसण्याआधी, रोपाच्या आतल्या विजेत, वाढीच्या वेगात, पर्णरंध्रांच्या उघडझापीत जे बदल होतात ते टिपता आले तरच वेळेवर हात आवरता येईल. आजची उपकरणे काजळीच्या काचेपेक्षा किती तरी पुढे गेलेली आहेत. उणीव आहे ती त्यामागच्या चिकाटीची. एका रोपापुढे तासन्‌तास बसून ते जे सांगेल ते, आपल्या मताविरुद्ध असले तरी, लिहून घेण्याची.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले; एकोणऐंशी वर्षे पुरी व्हायला एक आठवडा बाकी होता. मागे मूल नव्हते. होती ती संस्था, मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारखे शिष्य, आणि अबलाबाई. स्त्रीशिक्षणाचे हाती घेतलेले काम त्यांनी पुढेही चालू ठेवले. चंद्रावरच्या एका विवराला आज बोस यांचे नाव आहे. पण त्यांचे खरे स्मारक चंद्रावर शोधायला नको. शेताच्या बांधावर पाय लागताच अंग चोरून घेणारी लाजाळू त्यासाठी पुरेशी आहे. तिच्या शेजारी उभे असलेले, अजिबात न हलणारे सोयाबीनचे रोपही त्याच क्षणी काही तरी सांगत असते. ते आपल्याला ऐकू येत नाही याचा अर्थ ते गप्प आहे असा होत नाही.